संगणकाचे अद्ययावतीकरण : अडचणी आणि उपाय

(बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा येथे ग्रामपंचायतींचे संगणक चालक, आपले सरकार सेवा केंद्रांचे चालक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



राज्याच्या सीमेलगत वसलेल्या या बपेरा गावी आज आपण ज्या विषयासाठी एकत्र आलो आहोत, तो वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटावा असा आहे. परंतु त्याचा संबंध गावातील शेतकऱ्याच्या, मजुराच्या आणि वृद्धाच्या दिवसभराच्या खटाटोपाशी येऊन पोहोचतो. संगणकातील सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण जिला 'अपडेट' म्हणतो ती क्रिया का अडते, अडल्यास काय करावे आणि ती अडू नये म्हणून आधी कोणती दक्षता घ्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

गेल्या काही वर्षांत ग्रामीण कारभाराचे स्वरूप पालटले. २०११ मध्ये 'संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र' अर्थात संग्राम योजनेद्वारे ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत संगणक आले. २०१४ मध्ये निवृत्तिवेतनधारकांसाठी 'जीवन प्रमाण' ही हयातीच्या दाखल्याची संगणकीय पद्धत सुरू झाली. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या मिळू लागला. धानाच्या विक्रीची नोंदणी असो, विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असो, की उत्पन्नाचा दाखला असो. या सर्वांची वाट आता संगणकाच्या पडद्यावरून जाते.

अशा वेळी रोवणीचे काम टाकून आलेल्या शेतकऱ्यास 'मशीन अपडेट होत आहे, उद्या या' असे सांगावे लागले, तर त्याचा एक दिवस बुडतो. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर नुकसान एका दिवसाच्या मजुरीपुरते राहत नाही. म्हणूनच अद्ययावतीकरण हा केवळ यंत्राचा प्रश्न नसून तो सेवेचा प्रश्न आहे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

अद्ययावतीकरण कशासाठी?

अनेक केंद्रांवर असे आढळते की, एकदोनदा खोळंबा झाला की चालक अपडेट कायमचे बंद करून टाकतात. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. परंतु उपाय मात्र घातक आहे. धानाच्या बांधीचा धुरा कितीही भक्कम घातला, तरी एखादा खेकडा त्यास भोक पाडतोच. ते भोक दिसताक्षणी चिखलाने बुजवले, तर पाणी टिकते. दुर्लक्ष केले, तर रात्रीतून बांधी रिकामी होते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. लक्षावधी ओळींच्या आज्ञावलीत उणिवा राहून जातात. त्या लक्षात आल्या की, निर्माता दुरुस्ती तयार करून सर्व संगणकांकडे पाठवितो. ही दुरुस्ती आणणारे, तपासणारे आणि बसविणारे साधन म्हणजेच अपडेटचा कार्यक्रम होय. दुरुस्ती जाहीर झाली की उणीव कोठे आहे हे चोरांनाही कळते. त्यामुळे दुरुस्ती न बसविलेला संगणक जाहीरनाम्यापूर्वी होता त्याहून नंतर अधिक धोक्यात असतो.

तीन घटना, तीन धडे

या संदर्भात गेल्या काही वर्षांतील तीन घटना विचारात घेण्यासारख्या आहेत.

पहिली घटना मे २०१७ मधील. 'वॉनाक्राय' नावाच्या घातक कार्यक्रमाने १२ मे २०१७ पासून सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या उणिवेतून हा कार्यक्रम शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसविली, त्यांचे संगणक या वाटेने होणाऱ्या हल्ल्यापासून सुरक्षित राहिले. अपडेट टाळण्याची किंमत काय असते, हा पहिला धडा.

दुसरी घटना त्याच वर्षीच्या २७ जूनची, आणि ती थेट आपल्या राज्यापर्यंत पोहोचलेली. युक्रेनमधील एका लेखा सॉफ्टवेअरच्या अपडेट यंत्रणेतच हल्लेखोरांनी शिरकाव केला आणि नेहमीच्या अपडेटच्या रूपाने 'नॉटपेट्या' हा विध्वंसक कार्यक्रम पसरविला. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची संगणक व्यवस्था त्यात कोलमडली आणि रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितल्याप्रमाणे, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. अपडेट कोठून येते याची खात्री आणि माहितीची वेगळी प्रत या दोन्ही गोष्टी अपडेटइतक्याच महत्त्वाच्या आहेत, हा दुसरा धडा.

तिसरी घटना १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. सदोष फाइल सुमारे ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. परंतु तोवर बंद पडलेल्या असंख्य संगणकांपाशी माणसाला प्रत्यक्ष जाऊन, यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल काढावी लागली. चांगल्या हेतूचे अपडेटही बिघडू शकते आणि परतीचा मार्ग ठाऊक असावा लागतो, हा तिसरा धडा.

सारांश, अपडेट टाळू नये, ते अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे आणि ते बिघडल्यास मागे कसे यावे हे आधीच शिकून ठेवावे. आता प्रत्यक्ष अडचणींकडे वळू.

निदानाचा क्रम

कुशल वैद्य प्रथम नाडी पाहतो. एकदम शस्त्रक्रियेची भाषा करीत नाही. अपडेट अडले की संगणक 'फॉरमॅट' करण्याची घाई हीसुद्धा शस्त्रक्रियाच होय. बहुतेक बिघाड पुढील सहा कारणांपैकी एकातून उद्भवतात. ती याच क्रमाने तपासावीत. कारण यात सोपे व निर्धोक उपाय आधी येतात.

पहिले कारण : अर्धवट राहिलेला रीस्टार्ट. सायंकाळी 'शट डाऊन' करून सकाळी संगणक सुरू केला, की तो नव्याने सुरू झाला असा आपला समज असतो. परंतु विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. त्यामुळे बंद करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. काही अपडेट मात्र खरा पुनरारंभ झाल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. यास्तव 'रीस्टार्ट' हा पर्याय जाणीवपूर्वक निवडावा. भिंतीवरील बटण बंद करून संगणक थांबविण्याची सवय तर सर्वथा सोडावी.

दुसरे कारण : जागेची टंचाई. अपडेट आधी उतरवून घ्यावे लागते, मग उलगडावे लागते आणि जुन्या फाइली काही काळ राखून ठेवाव्या लागतात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल, तर ही क्रिया मध्येच थांबते. पडद्यावर ८००७००७० हा त्रुटी क्रमांक दिसला, तर डिस्क भरली आहे असे समजावे. विंडोजची नवी आवृत्ती बसविताना वीस जीबीच्या आसपास जागा मोकळी असलेली बरी. सेटिंग्जमधील 'स्टोरेज' या भागातून तात्पुरत्या फाइली काढाव्यात आणि कचरापेटी रिकामी करावी. आपल्या केंद्रांवर मुख्य जागा व्यापतात ती स्कॅन केलेली कागदपत्रे. ज्यांची गरज उरली नाही आणि ज्यांत नागरिकांचे आधार क्रमांक वा बँकेचा तपशील आहे, अशी कागदपत्रे संगणकात साठू देणे हे जागेच्या दृष्टीने अयोग्य आणि गोपनीयतेच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

तिसरे कारण : चुकलेले घड्याळ. हे कारण कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. संगणक अपडेट देणाऱ्या सर्व्हरची ओळख एका प्रमाणपत्रावरून पटवून घेतो आणि त्या प्रमाणपत्रास आरंभाची व समाप्तीची तारीख असते. संगणकाची तारीख मागे पडली असेल, तर खरे प्रमाणपत्रही त्यास अवैध भासते आणि तो संपर्क नाकारतो. ८००७२एफ८एफ हा त्रुटी क्रमांक बहुधा याच कारणाने येतो. तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ तपासून ती आपोआप जुळण्याची सोय चालू करावी. वीज गेल्यावर तारीख दर वेळी मागे जात असेल, तर संगणकाच्या मुख्य फलकावरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे असे जाणावे. बहुतेक संगणकांत तो सीआर २०३२ या प्रकारचा असतो. संगणक बंद करून, वीज पूर्ण तोडून तो बदलता येतो.

चौथे कारण : इंटरनेटची वाट. प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडते का ते पाहावे. ते उघडत नसल्यास दोष अपडेटचा नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा. अन्य संकेतस्थळे चालतात पण अपडेट चालत नाही आणि ८०२४४०२सी असा क्रमांक दिसतो, तर प्रॉक्सीची मांडणी वा नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा तपासावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदली असेल, तर विंडोज बहुतेक अपडेट आपोआप उतरवीतच नाही. डेटा वाचविण्यासाठी ही सोय उपयुक्त आहे. परंतु ती कायम चालू राहिल्यास संगणक महिनोन्महिने मागे राहतो. जेथे जोडणी फारच मंद आहे, तेथे मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या अधिकृत संकेतस्थळावरून, 'केबी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या आधारे हवे ते अपडेट तालुक्याच्या ठिकाणी उतरवून पेन ड्राइव्हने आणता येते. शाळेच्या संगणक कक्षात दहा यंत्रे असतील, तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मधील स्थानिक जाळ्यावरील संगणकांचा पर्याय चालू करावा. त्यामुळे एका यंत्राने उतरवलेल्या अपडेटचे भाग शेजारच्या यंत्रांना मिळतात आणि तेवढा डेटा वाचतो.

पाचवे कारण : अधिकाराचा अभाव. ८००७०००५ हा क्रमांक परवानगी नाकारल्याचा निदर्शक आहे. चालू खात्यास प्रशासकाचे अधिकार नसतील, अथवा एखादा अँटिव्हायरस मध्ये येत असेल, तर असे घडते. एकाच यंत्रावर दोन अँटिव्हायरस ठेवण्याचा प्रघात काही ठिकाणी दिसतो. ते दोघे एकमेकांसच प्रतिबंध करतात; तेव्हा एकच ठेवावा. रोजचे काम साध्या खात्यावरून करावे आणि प्रशासकाचे खाते व त्याचा पासवर्ड जबाबदार व्यक्तीकडे असावा, ही व्यवस्था उत्तम.

सहावे कारण : बिघडलेला साठा. वीज गेल्याने वा जोडणी तुटल्याने उतरवलेल्या फाइली अपुऱ्या राहतात आणि संगणक त्याच फाइली पुनःपुन्हा बसविण्याचा प्रयत्न करून हरतो. येथे प्रथम सेटिंग्जमधील 'ट्रबलशूट' या भागातील विंडोज अपडेटचा तपासनीस चालवावा. तेवढ्याने भागले नाही, तर सेवांच्या यादीतून 'विंडोज अपडेट' ही सेवा थांबवावी, विंडोजच्या मुख्य फोल्डरमधील 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरचे नाव बदलावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. नाव बदलता येत नसेल, तर अपडेटच्या अन्य सेवा तो फोल्डर वापरीत आहेत असे समजून यंत्र रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करावा. संगणक त्या जागी नवा कोरा साठा तयार करतो. यात आपली कागदपत्रे जात नाहीत. यानंतरही अडचण राहिल्यास प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'डिझम' आणि 'एसएफसी' ही दोन दुरुस्ती साधने याच क्रमाने चालविता येतात. पहिले विंडोजच्या मूळ साठ्याची दुरुस्ती करते, तर दुसरे त्या साठ्यावरून चालू फाइली तपासून बदलते. हे काम जाणकार सहकाऱ्याच्या देखरेखीखाली करावे.

ज्या शाळांत उबंटू अथवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली आहे, तेथेही कारणे थोड्याफार फरकाने हीच. तेथे 'दुसरा कार्यक्रम कुलूप धरून आहे' अशा अर्थाचा संदेश आला, तर पार्श्वभूमीवर आधीचे अपडेट चालू असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, बळाने बंद करू नये. जुने कर्नल साठून बूटचा विभाग भरला असेल, तर अनावश्यक कर्नल काढण्याची आज्ञा द्यावी.

पडदा थांबून राहिला तर

अपडेट चालू असता टक्केवारी एका आकड्यावर अडून राहते आणि मागे रांगेत माणसे उभी असतात. अशा वेळी वीज तोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जुन्या, फिरत्या डिस्कच्या संगणकांत हे काम एक-दोन तासही चालते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम सुरू आहे. 'बदल मागे घेतले जात आहेत' अशा अर्थाचा संदेश दिसला, तर संगणक स्वतःच पूर्वस्थितीवर येत आहे. त्या वेळी वीज तोडणे सर्वांत हानिकारक. तीन-चार तासांनंतरही दिवा निश्चल आणि पडदा जसाच्या तसा असेल, तरच बटण दाबून यंत्र बंद करावे. वीज जाण्याचा संभव असलेल्या गावी यूपीएसवाचून मोठे अपडेट सुरू करू नये. लॅपटॉप असल्यास तो चार्जिंगला लावून ठेवावा.

अपडेट झाले, पण काम चालेना

काही वेळा अपडेट निर्विघ्न पार पडते आणि नंतर बोटांचे ठसे घेणारे यंत्र ओळखले जात नाही, प्रिंटर मुका होतो किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन दिसत नाही. येथे दोष बहुधा त्या उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये असतो. आधार प्रमाणीकरणाच्या उपकरणास 'आरडी सेवा' हा स्वतंत्र कार्यक्रम लागतो. तो चालू आहे का हे पाहावे आणि नसल्यास उपकरणाच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवी आवृत्ती घ्यावी. जुनी शासकीय संकेतस्थळे काही काळ इंटरनेट एक्सप्लोररवरच चालत असत. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरील त्या ब्राउझरचा आधार थांबविला. असे एखादे काम शिल्लक असल्यास एज ब्राउझरमधील 'आयई मोड' हा मार्ग आहे.

अपडेटनेच बिघाड केला अशी खात्री झाली, तर 'अपडेट हिस्टरी'मधून ते एकच अपडेट काढता येते. विंडोजची नवी आवृत्ती बसविली असेल, तर साधारणतः दहा दिवसांपर्यंत आधीच्या आवृत्तीवर परतता येते. संगणक सुरूच होत नसेल, तर दोन-तीन अयशस्वी प्रयत्नांनंतर विंडोज दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथेही अलीकडचे अपडेट काढण्याचा पर्याय असतो. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. 'बिटलॉकर' या सोयीने डिस्क कुलूपबंद असेल, तर दुरुस्तीपूर्वी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. जुलै २०२४ च्या घटनेत अनेकांचे काम या किल्लीवाचूनच अडले. आपल्या यंत्रावर ही सोय चालू आहे का ते आजच पाहावे आणि किल्ली कागदावर लिहून कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. त्याच संगणकात ठेवू नये.

खोटे अपडेट

खऱ्या अपडेटच्या अडचणीइतकाच, किंबहुना अधिक, धोका खोट्या अपडेटचा आहे. 'आपला संगणक जुना झाला आहे, येथे दाबा' असे ब्राउझरमध्ये अचानक झळकणारे फलक हे अपडेट नव्हेत. संगणकाचे अपडेट सेटिंग्जमधून येते आणि मोबाइलवरील ॲपचे अधिकृत प्ले स्टोअरमधून. पीएम किसान योजना, वाहनाचा दंड अथवा बँकेची केवायसी यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी 'एपीके' फाइल उघडली, की मोबाइलवरील संदेश व बँकेचे ओटीपी भलत्याच्या हाती जाऊ शकतात. आपण या गावातील जाणकार आहात; लोक मोबाइल घेऊन आपल्याकडेच येतात. तेव्हा हा इशारा प्रत्येक घरी पोहोचविणे हे आपलेही काम आहे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. वेळ जितका कमी जाईल, तितकी रक्कम थोपविण्याची शक्यता अधिक. तसेच संगणकात घातक कार्यक्रम शिरल्याचा संशय असल्यास, सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर तपासणीची मोफत साधने मिळतात.

जुने संगणक

अपडेट न येण्याचे एक कारण असेही असते की, निर्मात्याने ते देणेच थांबविलेले असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर 'सर्व काही अद्ययावत आहे' असे दिसले, तरी त्यावर विसंबू नये. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक जुनी यंत्रे त्यास अपात्र ठरतात. शाळेतील अशा संगणकांवर लिनक्स बसविल्यास ते आणखी काही वर्षे सुरक्षितपणे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडू शकतात. सेवा केंद्रावर मात्र ठसे घेणारे उपकरण आणि स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर चालते का, हे आधी तपासावे. जुन्या प्रणालीवर नागरिकांच्या आधारचे वा पैशांचे व्यवहार चालू ठेवणे योग्य नव्हे. नव्या यंत्राची मागणी करताना आधार संपल्याची तारीख अर्जात स्पष्ट नमूद करावी. मागणीस त्यामुळे निश्चित आधार मिळतो.

वेळापत्रक व नोंदवही

आता सर्वांत सोपा आणि सर्वाधिक गुणकारी उपाय सांगतो. मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्र. म्हणूनच त्यानंतरच्या बुधवारी सकाळी, नेमकी गर्दी असताना, संगणक मंद झाल्याचा अनुभव येतो. ही तारीख ठाऊक असताना आपण गाफील का राहावे? सेटिंग्जमधील 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये केंद्राच्या कामाचे तास नोंदवावेत, म्हणजे त्या वेळेत संगणक आपोआप रीस्टार्ट होणार नाही. 'पॉज' या पर्यायाने अपडेट काही दिवस पुढे ढकलता येते. अर्जाची अंतिम तारीख वा नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्यांची गर्दी असेल, तेव्हा या सोयीचा उपयोग अवश्य करावा. परंतु गर्दी ओसरताच अपडेट पूर्ण करून घ्यावे. दुसऱ्या मंगळवारनंतर येणारा, केंद्रावर कमी वर्दळीचा एक दिवस ठरवून, सायंकाळी काम संपल्यावर हे कार्य हाती घ्यावे. जेथे दोन संगणक आहेत, तेथे एक आधी अद्ययावत करावा, दुसऱ्या दिवशी त्यावर ठसे, प्रिंटर व स्वाक्षरी तपासावी आणि मगच दुसऱ्यास हात लावावा. तत्पूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून वेगळी करून ठेवावी.

याच्या जोडीला शंभर पानी एक साधी वही पुरेशी आहे. तारीख, अपडेटचा 'केबी' क्रमांक, लागलेला वेळ, दिसलेला त्रुटी क्रमांक आणि केलेला उपाय, असे पाच रकाने आखावेत. त्रुटी क्रमांक नेहमी अक्षरशः उतरवून घ्यावा. 'काहीतरी एरर आली' एवढ्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणचा तज्ज्ञही निदान करू शकत नाही. परंतु क्रमांक सांगितला तर उपाय दूरध्वनीवरूनही कळू शकतो. चालक बदलला तरी वही राहते आणि एका केंद्राचा अनुभव शेजारच्या चार केंद्रांच्या कामी येतो. सिहोरा आणि तुमसरपर्यंतच्या चालकांनी महिन्यातून एकदा या नोंदी परस्परांस कळविल्या, तरी अनेकांचे हेलपाटे वाचतील.

मित्रहो, यातील कोणत्याही उपायासाठी फारसा खर्च नाही. लागते ती थोडी शिस्त आणि थोडा धीर. पडद्यावर अपडेटचे चक्र फिरत असताना समोर बसलेल्या वृद्धेस त्यातील तांत्रिक भाग कळणार नाही; तिला एवढेच हवे असते की, आपला दाखला आजच्या आज मिळावा. येत्या दुसऱ्या मंगळवारची तारीख आजच दिनदर्शिकेवर खुणेने नोंदवावी, आपल्या संगणकात किती जागा मोकळी आहे व त्याचे घड्याळ बरोबर आहे का ते उद्या केंद्र उघडताच पाहावे आणि वहीचे पहिले पान लिहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.